पलंगाला लागून ठेवायचा पाळणा : आधी पलंग मोजा, मग दुकानात जा

बेडसाइड क्रिब म्हणजे आईच्या पलंगाला एका बाजूने चिकटवून बसवायचा पाळणा. इंदूरमध्ये हल्ली तो बऱ्याच घरांत येतो, आणि बऱ्याच घरांत चुकीचा येतो. चूक बहुतेक एकच असते. पाळणा आवडतो, घरी येतो, आणि मग कळतं की पेटीचा पलंग जमिनीपर्यंत बंद आहे, त्यामुळे पाळण्याचे पाय खाली सरकतच नाहीत. पाळणा आणि पलंग यांच्यात चार बोटांची फट राहते. घरातलं कुणीतरी त्या फटीत गोधडीची वळकटी कोंबतं आणि काम झालं असं समजतं.

ही फट जीवघेणी असते. तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही. तोंड मऊ कापडात रुतलं, तर डोकं बाजूला घेण्याची ताकद त्याच्यात नसते. म्हणून पाळण्याचा रंग, कंपनी, खेळणी लटकवायचा दांडा या सगळ्याच्या आधी पलंगाची मापं येतात. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. तो मोडू नका.

## १. कोणत्या घरातला पलंग, ते ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या आईकडे येते आणि बाळ सव्वा महिन्याचं, कधी तीन महिन्यांचं झालं की देवासला, पुण्याला सासरी जाते. पाळणा मात्र सासरच्या पलंगाच्या मापाने घेतलेला असतो, किंवा उलट. बाळ या पाळण्यात जेमतेम पाच महिने झोपणार. त्यातले पहिले दोन-तीन ज्या घरात जाणार, त्या घरच्या पलंगाला पहिला मान द्या.

दोन्ही घरांत वापरायचा असेल, तर दोन्ही पलंग मोजा. उंची कमी-जास्त करता येणारा, घडी होऊन पिशवीत बसणारा पाळणाच मग बघायचा.

बाळ जन्मायच्या आधी त्याच्या वस्तू घरात आणायच्या नाहीत, असं बऱ्याच घरांत पाळतात. त्यासाठी वाद घालायची गरज नाही. मापं घ्या, दुकान ठरवा, मॉडेल पक्कं करा, पैशांचं बोलून ठेवा, आणि बाळ झाल्यावर त्याच दिवशी घरपोच मागवा. दवाखान्यातून यायला नॉर्मल बाळंतपणात दोन-तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये साधारण चार-पाच दिवस लागतात. जोडणी आणि तपासणी तेवढ्यात आरामात होते. अशी अडचण नसेल, तर नववा महिना लागायच्या आत पाळणा जोडून खिडकीपाशी उघडा ठेवा. नव्या प्लायचा, फोमचा आणि रंगाचा वास जायला दोन-तीन आठवडे लागतात.

## २. पलंगाची मापं

सुताराची टेप, कागद आणि दुसरा माणूस, एवढं पुरे. मापं सेंटिमीटरमध्ये लिहा, कारण पाळण्याच्या खोक्यावर ती तशीच असतात.

गादीच्या कडेची उंची. जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, आई ज्या बाजूला झोपणार त्या बाजूला, उशाशी, मध्ये आणि पायाशी अशी तीन ठिकाणी मोजा. कापसाची गादी तिन्ही ठिकाणी सारखी क्वचितच भरते. त्यातलं सगळ्यात मोठं माप धरा. मग आईला कडेवर बसवून पुन्हा मोजा. फोमची गादी ३ ते ५ सेंमी दबते. दुकानात सांगायचं माप मोकळ्या गादीचंच. दबलेलं माप धरलं, तर आई उठल्यावर गादी फुगते आणि पाळण्याच्या कडेच्या वर येते.

आता हिशोब. दोन्ही गाद्या एका पातळीत आल्या पाहिजेत, म्हणजे बाळाला सरळ ओढून घेता येईल, असं बहुतेकांना वाटतं. हा गैरसमज मनातून काढा. दोन्ही पृष्ठभाग सपाट जुळले, मध्ये कठडा नसला, तर आईची रजई आणि उशी झोपेत बाळाच्या अंगावर सरकते, किंवा बाळ सरकून मोठ्या मऊ गादीवर येतं. पलंगाकडची बाजू खाली केली तरी बाळाच्या गादीवर एक बुटका कठडा उभा राहिला पाहिजे. युरोपच्या ईएन ११३० या मानकाची २०१९ची आवृत्ती हा कठडा किमान १२ सेंमी मागते. त्याची वरची कड मोठ्या गादीच्या बरोबरीने किंवा किंचित वर हवी, खाली कधीच नको.

समजा मोकळ्या गादीची उंची ५४ सेंमी आहे. कठडा १२ सेंमीचा, म्हणजे बाळाच्या गादीचा पृष्ठभाग ४२ वर. बाळाची गादी ४ सेंमी जाड असेल, तर पाळण्याचा तळ ३८ वर. दुकानात विचारायचा प्रश्न हाच : तळ ३८ सेंमीवर लागतो का? टप्पे ३६ आणि ४१ असे असतील तर ४१ घ्या. कठडा ३ सेंमी वर राहील, आईला हात थोडा उचलावा लागेल, पण गादी कठड्याच्या वर जाणार नाही.

पलंगाखालची जागा. पाळण्याचे पाय एल किंवा सी आकाराचे असतात आणि त्यांचा आडवा भाग पलंगाखाली जातो. जमिनीपासून पलंगाच्या खालच्या पट्टीपर्यंतची उंची मोजा, आणि आत कुठे अडतं तिथपर्यंतची खोलीही मोजा. पाय, पेटी, खाली सारलेल्या ट्रंका, सगळं त्यात आलं. पेटीचा पलंग असेल तर ही उंची शून्य भरते, फार तर खाली दोन-तीन इंच आत घेतलेली पट्टी असते.

शून्य आलं तर दोनच वाटा आहेत. सरळ चार पायांचा, पलंगाच्या बाजूला काहीच बाहेर न येणारा पाळणा शोधा (काही मॉडेलमध्ये त्या बाजूचे पाय आत घेता येतात). तो मिळाला नाही, तर चारही बाजू बंद असलेला पाळणा हाताच्या अंतरावर ठेवा. ही दुसरी वाट कमी प्रतीची मुळीच नाही. बाळ आईच्या खोलीत पण स्वतःच्या जागेवर झोपणं महत्त्वाचं असतं, आणि ते इथेही साधतं.

लाकडी काठ. आपल्याकडच्या सागवानी पलंगांत गादी चौकटीच्या आत बसते आणि बाहेर दोन ते चार इंचांचा काठ उरतो. पाळणा त्या काठाला टेकतो, गादीला टेकत नाही. लाकडी फूटपट्टी काठाच्या बाहेरच्या अंगाला उभी धरा. ती वर गादीला चिकटली तर ठीक. मध्ये मोकळी जागा दिसली, तर त्या पलंगाला पाळणा जोडू नका. ती जागा कशानेही भरून चालत नाही, कारण जे भराल ते रात्रीतून दबणार किंवा वर येणार.

पट्ट्याचा रस्ता. चांगला पाळणा पट्ट्यांनी पलंगाला बांधला जातो. पट्टा मोठ्या गादीखालून पलीकडच्या कडेपर्यंत जातो आणि तिथे चौकटीला अडकतो. क्वीन पलंग ६० इंच रुंद असतो, किंग ७२. पट्टा तेवढ्या रुंदीपेक्षा लांब हवा, आणि पलीकडे अडकवायला काठ किंवा फळी हवी.

तपासा : पलंग स्वतः हलतो का? सिंगल दीवान किंवा दोन जोडून केलेला पलंग गुळगुळीत कोटा फरशीवर गुडघ्याच्या धक्क्याने सरकतो. पाळणा एका बाजूला बांधला, तर पलंग दुसऱ्या बाजूने भिंतीला टेकलेला असू द्या. दोन दीवान एकमेकांपासून सुटत असतील, तर आधी ते एकत्र बांधून घ्या.

## ३. खोलीतली जागा

पाळणा बाहेरून साधारण ९० ते १०० सेंमी लांब आणि ५५ ते ७० सेंमी रुंद असतो. त्याच्या पलीकडे माणूस जायला ६० सेंमी तरी मोकळे ठेवा. सिझेरियन झालेली आई रात्री पाळणा ओलांडून बाथरूमला जाणार नाही. तिची उतरायची वाट वेगळी असली पाहिजे. पाळणा तिच्या कंबरेपाशी न ठेवता छातीपाशी ठेवला, तर पायाकडून उतरायला जागा राहते.

पाळण्यावरून वर बघा. घड्याळ, फ्रेम, देवाची तसबीर, फळी, यातलं काही डोक्यावर नको. पडद्याची दोरी, मोबाइल चार्जरची वायर, नाइट लॅम्पची वायर बाळाच्या हाताच्या टप्प्यात नको. कूलरचा झोत आणि एसीची पट्टी थेट पाळण्यावर रोखलेली नको. खोलीत आडोसा कोणत्या बाजूला मिळतो, ते आधी बघून मग पलंगाची बाजू निवडा.

## ४. दुकानात काय करायचं

मापांचा कागद, टेप, सहा सेंमी रुंद कापलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि एक काचेची गोटी खिशात असू द्या. पाळणा खोक्यातून काढून उभा करायला सांगा. खोक्यावरच्या चित्रावरून घेऊ नका.

गज असतील तर पुठ्ठा आडवा धरून त्यांच्यामधून घालून बघा. तो जाता कामा नये. जाळी असेल तर भोकं शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान हवीत. जाळी ताणलेली हवी, बोटाने दाबल्यावर झोळीसारखी आत-बाहेर होणारी नको.

खाली होणारी बाजू दहा वेळा वर-खाली करा. खटका दोन्ही टोकांना एकदम बसतो का, बसल्याचा आवाज येतो का, वर असताना कोपराने दाबली तर सुटते का? खटका एका हाताने, एकाच हालचालीत सुटत असेल, तर तो आईच्या झोपेतल्या हातानेही सुटेल. अशा बाजूचा पाळणा घेऊ नका.

गादी बाहेर काढा. तळ सपाट, एकसंध आणि घट्ट आहे ना ते बघा. मग गादी परत घाला आणि चारही बाजूंना बोटं घालून बघा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली तर गादी त्या पाळण्याची नाही, किंवा पाळण्याचं माप चुकलंय.

गादी कडक हवी. याच जागी घरातल्या मोठ्यांशी मतभेद होतात. बाळाची पाठ दुखेल, म्हणून मऊ गादी मागितली जाते. बाळाला कडक गादी टोचत नाही. मऊ गादीत डोक्याचा खळगा पडतो, बाळ पालथं झालं तर तोंड त्या खळग्यात जातं, आणि सोडलेलाच श्वास पुन्हा आत घेतला जातो. तळवा दाबून उचला. गादी लगेच सपाट झाली पाहिजे. दुकानात साखरेची एक किलोची पिशवी मिळाली, तर ती दहा मिनिटं उभी ठेवून काढा. खड्डा राहिला तर गादी नको.

तळ एका बाजूने तिरका करून ‘दूध उलटत असेल तर डोकं वर’ अशी सोय काही पाळण्यांत असते. ती वापरू नका. तिरक्या गादीवर बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. अमेरिकेत २०२२च्या कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त तिरकी बाळझोपेची उपकरणं आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या मऊ गाद्या, दोन्हींवर बंदी आली. आपल्या बाजारात दोन्ही अजून सेटमध्ये फुकट मिळतात. फुकट मिळालं तरी घरी आणू नका.

वजनाची मर्यादा खोक्यावर किंवा पुस्तिकेत असते, बहुतेक ९ किलोच्या आसपास. ऑनलाइन मागवताना तळाच्या उंचीचे सगळे टप्पे, पायाच्या आडव्या भागाची उंची आणि परत करायची मुदत, या तीन गोष्टी कळल्याशिवाय पैसे भरू नका. यातलं दुसरं माप जाहिरातीत सहसा नसतं. विक्रेत्याला लिहून विचारा.

सावधान : डोलणारा पाळणा असेल तर डोलणं पक्कं बंद करता आलं पाहिजे. पलंगाला बांधलेला पाळणा डोलवायचा नसतो. डोलला की फट उघडते.

## ५. जुना, किंवा सुताराकडून केलेला

घराण्यात फिरत आलेला शिसवी किंवा पितळी पाळणा बारशाला सजवा, नाव ठेवा, पाळणा म्हणा. रात्रभराच्या झोपेसाठी तो नको. त्याचे गज लांब-लांब असतात, तो झुलतो, आणि कोपऱ्यांवरच्या कळसांत दुपट्याचा किंवा गळ्यातल्या दोऱ्याचा फास अडकतो. साडीची झोळीही तशीच. त्यात बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते.

जुना रंग खरवडू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या पोपड्यांत शिसं असू शकतं आणि घासलं की ते धुळीत येतं.

नात्यातून आलेला अलीकडचा बेडसाइड पाळणा चालतो, पण तीन अटींवर : मूळ गादी सोबत हवी, सगळे स्क्रू आणि पट्टे हवेत, कुठलाही सांधा दोरीने बांधलेला नसावा. एक स्क्रू कमी असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून जवळपासच्या मापाचा आणून बसवू नका. तो आटे खातो आणि महिन्याभरात सैल होतो.

सुताराकडून चार बंद बाजूंचा साधा पाळणा करून घ्यायला हरकत नाही. गज ६ सेंमीपेक्षा जवळ, कोपरे कडेच्या सपाटीत, आतलं माप गादीच्या मापाइतकं, सगळ्या बाजू गादीच्या वर ३० सेंमी तरी. एक बाजू खाली होणारा मात्र करून घेऊ नका. सगळा भार खटक्यावर असतो, आणि कपाटाच्या दाराचा खटका त्या कामाचा नाही.

## ६. बसवणी

क्रम असाच ठेवा.

१) पलंगाखालचं सामान काढा. गादी चौकटीत सरळ करून पाळण्याच्या बाजूच्या कडेपर्यंत ओढा.

२) पाळणा खोलीच्या मध्ये जोडा, पलंगाला टेकवून नाही. सगळे स्क्रू आधी हाताने अर्धे लावा, चौकट काटकोनात आली की मग आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात, तर शेवटचं भोक जुळत नाही आणि जोर लावून आटे जातात.

३) दोन्ही पायांची उंची एकाच खुणेवर लावा. ही चूक घाईत हटकून होते : एक पाय चौथ्या भोकात, दुसरा पाचव्यात. वरून लक्षात येत नाही.

४) गादी काढून तळाच्या मधोमध गोटी ठेवा. ती सरकली तर उतार आहे. जुन्या घरांतल्या फरशीला मोरीकडे उतार असतोच. पाळणा सरळ फिरवून किंवा पायाच्या तळाचे स्क्रू फिरवून तो काढा. पायाखाली पुठ्ठा घालू नका, पोछ्याच्या पाण्याने तो भिजून बसतो.

५) पाळणा पलंगाला पूर्ण टेकवा. आता पट्टे गादीखालून पलीकडे न्या, अडकवा, आणि दुसऱ्या माणसाने पाळणा पलंगाकडे दाबून धरलेला असताना ओढा. आधी पट्टा आवळून मग पाळणा सरकवला, तर पट्टा सैल राहतो. पट्टा पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला बांधू नका, तो तिरका ओढतो आणि पायाकडे फट उघडते. उरलेलं टोक गुंडाळून गादीखाली कोंबा, लोंबतं ठेवू नका.

६) चाकं असतील तर सगळ्यांचे खटके लावा.

७) आता धक्का द्या. आईने कडेवर आडवं व्हावं, कोपराने आणि गुडघ्याने पाळणा बाहेर ढकलावा, मग उठून बसावं. त्यानंतर कठडा आणि मोठी गादी यांच्यात बोटाची टोकं घालून बघा. जात असतील तर पट्टे पुन्हा आवळा. तीन वेळा आवळूनही फट येत असेल, तर तो पाळणा त्या पलंगाला जमत नाही. बाजू वर करा आणि वेगळा ठेवा.

तपासा, रोज संध्याकाळी : फट, खटका, चाकं. अर्धं मिनिट लागतं. चादर बदलताना मोठी गादी हमखास सरकते, म्हणून चादर बदलली की पुन्हा बघा.

## ७. पाळण्यात काय ठेवायचं

गादी, तिच्यावर घट्ट बसणारी एक चादर, आणि बाळ. एवढंच.

मोहरीची उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात, पण उशीने मान पुढे येते, आणि शिवण उसवली तर मोहरी बाळाच्या तोंडाशी येते. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून बाळाची उशाकडची बाजू एक दिवसाआड बदला. बाळ आईकडे बघत मान फिरवतं, त्यामुळे दाब दोन्हीकडे वाटला जातो. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं ठेवा.

दोन्ही बाजूंना लोड नकोत. मेणकापड किंवा रबरी शीट सुटी अंथरू नका, ती गोळा होते. चादरीखाली चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेलं पातळ जलरोधक कव्हर बसवा आणि चादरी तीन-चार ठेवा. गळ्यातला काळा दोरा, मण्यांची माळ, साखळी झोपताना काढायची. नजरेसाठी घालायचंच असेल तर दिवसा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

बाळ उताणं झोपवा, रात्री आणि दिवसाही. कुशीवर झोपवलेलं बाळ सहज पालथं होतं. उताणं झोपल्याने दूध घशात जाईल ही भीती आजीला असते, आणि ती मनापासून असते, म्हणून तिला नीट सांगा : उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटून आलेलं दूध खालीच राहतं आणि बाळ ते गिळतं. बाळ कमी दिवसांचं जन्मलं असेल, किंवा श्वासाचा काही त्रास असेल, तर डॉक्टरांनी दिलेली सूचना वरचढ.

बाळुत्यात गुंडाळत असाल तर छातीशी दोन बोटं जातील इतकं सैल, आणि मांड्या बेडकासारख्या फाकवता येतील इतकं मोकळं ठेवा. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं की गुंडाळणं त्या दिवसापासून बंद.

## ८. थंडी, उन्हाळा आणि डास

माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांखाली जातो. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. दुलईऐवजी अंगात घालायची, बिनबाह्यांची झोपायची पिशवी घ्या. ती तोंडावर येत नाही. ऊब बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. तळहात-तळपाय गार असणं साधं आहे. मान घामेजलेली असेल तर एक थर काढा. घरात झोपताना कानटोपी नको, बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता सोडतं, आणि टोपी घसरून नाकावर येते. शेक-शेगडी बंद खोलीत कधीच नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मे महिन्यात पारा ४०च्या वर जातो. पंखा चालू द्या. एसी २५-२६ अंशांवर ठेवा. कूलर लावलात तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट कोंडतं.

मच्छरदाणीत मोठी चूक होते. मोठ्या पलंगाची मच्छरदाणी गादीखाली खोचली, की ती पलंग आणि पाळण्याच्या मध्ये येते. कापडाची घडी फट उघडते आणि जाळी कठड्यावरून बाळाकडे लोंबते. एकतर छताच्या हुकाला टांगलेली, पलंग आणि पाळणा दोन्हींना बाहेरून झाकणारी मोठी मच्छरदाणी घ्या, नाहीतर खिडक्यांना जाळ्या लावून मच्छरदाणी काढून टाका. छत्रीसारखी छोटी मच्छरदाणी पाळण्यात मावत असेल, तरी पाळण्याच्या आत ठेवू नका. अगरबत्ती, डासांची कॉइल आणि धुरी बाळाच्या खोलीबाहेरच.

## ९. रात्रीचा क्रम

दूध पाजायला घ्या, ढेकर काढा, परत पाळण्यात उताणं ठेवा. खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं हे पलंगावर डोळा लागण्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण बाळ हात आणि गादीच्या बेचक्यात जातं. झोप अनावर असेल तर पलंगावरच पाजा, उशा आणि रजई आधी बाजूला करून, आणि जाग आली की लगेच बाळाला पाळण्यात.

आई पलंगावर नसेल तेव्हा पाळण्याची बाजू वर. बाथरूमला दोन मिनिटं गेली तरी वर. मोठं भावंडं पलंगावर झोपत असेल तर ते आईच्या दुसऱ्या बाजूला, पाळण्याकडे नाही. टाके ओढत असतील तर बाळ उचलून द्यायला पहिल्या दोन आठवड्यांत दुसरा माणूस लागतोच. आजी खाली गादी घालून खोलीत झोपली, तर पाळण्याच्या पायांत तिचं अंथरूण यायला नको.

## १०. बंद केव्हा करायचा

पुस्तिकेतली वजनाची किंवा वयाची मर्यादा ही शेवटची हद्द. बहुतेक बाळं त्याआधीच पाळणा सोडायला लागतात. बाळ स्वतःहून कूस वळू लागलं, हातांवर जोर देऊन छाती उचलू लागलं, किंवा कठडा धरून ओढू लागलं, की त्याच रात्री थांबवा. हे चौथ्या महिन्यातही होतं. पुढची कॉट आधीच बघून ठेवा, म्हणजे ‘आठवडाभर चालवून घेऊ’ अशी वेळ येत नाही. उंच बाजूंची ती कॉट याच खोलीत, आईच्या पलंगाजवळ लावा. निदान सहा महिने बाळ आईच्या खोलीत झोपू द्या.

पाळणा सोडवताना सगळे स्क्रू, एल-चावी, पट्टे आणि पुस्तिका एका कापडी थैलीत घालून ती थैली गादीच्या कव्हरमध्ये ठेवा. वर चिठ्ठी : तळ किती सेंमीवर लावला होता आणि कोणत्या पलंगाला. बहिणीकडे किंवा वहिनीकडे गेला, की तिचं पहिलं माप तिथूनच सुरू होतं.